दोन पावसाळे उघडा राहिलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह: एका जुन्या बुलेटचे प्रकरण

पार्श्वभूमी

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात माझे छोटे गॅरेज आहे. नव्या गाड्या येतातच, पण माझा जीव जुन्या, बिडाच्या इंजिनांच्या बुलेटमध्ये. ज्या गाडीविषयी लिहितो आहे ती १९९०च्या दशकातली ३५० बुलेट: ३४६ सीसी, ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक, गिअर उजव्या पायाला आणि हँडलला डिकॉम्प्रेसरचा, म्हणजे किक सोपी व्हावी म्हणून सिलिंडरमधला दाब सोडणाऱ्या झडपेचा, लिव्हर. मालक आमच्या मराठी शाळेतले निवृत्त गुरुजी. मी त्यांच्याकडे चौथीपर्यंत शिकलो. ही ओळख या प्रकरणात महत्त्वाची आहे, कारण माझा पहिला निर्णय तिच्यामुळेच चुकला.

२०२२च्या उन्हाळ्यात गुरुजींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि गाडी घरामागच्या पडवीत गेली. वर कौले, तीन बाजूंना भिंत, चौथी बाजू माडांच्या बागेकडे उघडी. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत पडवीतली हवा ओल्या फडक्यासारखी असते. गाडीवर ताडपत्री होती, पण सायलेन्सरचे तोंड उघडे. पहिल्या पावसाळ्यानंतर कोणीतरी पडवी झाडताना गाडी पुढे-मागे ढकलली, तीही गिअरमध्ये असतानाच. क्लच दाबला तरी उभ्या राहून राहून प्लेटा एकमेकींना चिकटल्या होत्या, त्यामुळे चाकाबरोबर इंजिनही थोडे फिरले आणि नेमके एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळका धूर बाहेर सोडणारी झडप) उघडा असलेल्या जागी थांबले. हे मला नंतर, घरच्यांना खोदून विचारल्यावर कळले.

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांमध्ये, म्हणजे ७२० अंशांत, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एक तृतीयांशाहून जास्त वेळ उघडा असतो. म्हणजे कशीही उभी केलेली गाडी त्या जागी थांबणे काही नवलाचे नाही. व्हॉल्व्ह उघडा राहिला की सायलेन्सरमधून येणारी दमट हवा थेट त्याच्या दांडीपर्यंत पोहोचते. दांडीवर आधीच जुन्या कार्बनचा थर असतो. कार्बन ओल धरतो, त्याखाली गंज धरतो आणि दांडी गाइडमध्ये, म्हणजे ज्या नळीतून ती सरकते तिच्यात, जखडते.

तक्रार

२ सप्टेंबर २०२४, सोमवार. शनिवारी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. गुरुजींचा भाचा टेम्पोत घालून गाडी घेऊन आला. मुंबईहून सुट्टीवर आलेला, उत्साही मुलगा. त्याने जुने पेट्रोल काढून नवे भरले होते, प्लग साफ केला होता आणि दोन दिवस किका मारल्या होत्या. "दादा, किक एकदम हलकी झालीय. पाय ठेवला की खाली. सगळे म्हणतात रिंगा गेल्या."

सोबत गुरुजीही आले होते, काठी घेऊन. ते म्हणाले, "शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात माटोळीचं सामान आणायला मी दरवर्षी याच गाडीने जायचो. यंदा हा चालवील, मी मागे बसेन. पण तुला जमेल तसं कर रे, घाई नाही."

माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची आरास. घाई नाही असे ते म्हणाले, आणि मी मनात शुक्रवार पक्का केला.

निदान

किक हलकी म्हणजे कम्प्रेशन, सिलिंडरमधला दाब, नाही. कम्प्रेशन जायला मोजक्याच वाटा: डिकॉम्प्रेसर, इनलेट व्हॉल्व्ह (पेट्रोल-हवा आत घेणारी झडप), एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, पिस्टनच्या रिंगा, हेड (सिलिंडरवरचे झाकण) आणि सिलिंडर यांमधले गॅस्केट. डिकॉम्प्रेसर आधी पाहिला, कारण त्याची केबल गंजून ताणलेली राहिली तरी लक्षण हेच. केबल सोडवली, तो नीट बसत होता.

मग प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा हळू सोडली. ही चाचणी मला फार आवडते, कारण इंजिन न खोलता दोष कुठे आहे ते कानाला कळते. कार्बोरेटरमधून फुसफुस आली तर इनलेट, क्रँककेसच्या श्वासनळीतून आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट. हवा सायलेन्सरमधून सरळ बाहेर पडत होती. रिंगांबद्दलची सगळ्यांची खात्री तिथेच संपली.

उजव्या बाजूचे टॅपेटचे झाकण काढले. इनलेटची पुशरॉड, म्हणजे खालच्या कॅमची हालचाल वरच्या रॉकरमार्फत व्हॉल्व्हपर्यंत नेणारी सळई, बोटांनी फिरत होती, वर-खाली हलत नव्हती. या गाडीत थंड इंजिनावर ती तशीच असायला हवी. एक्झॉस्टची पुशरॉड मात्र कॅम खाली गेल्यावरही सैल लटकत होती, खुळखुळत होती. टाकी उतरवून रॉकरची झाकणे उघडली. एक्झॉस्टच्या स्प्रिंगची टोपी इनलेटच्या टोपीपेक्षा पाचेक मिलिमीटर खाली दबलेली. बेंड पाइप सोडवून पोर्टमध्ये (हेडमधली धूर जाण्याची वाट) बॅटरी मारली तर व्हॉल्व्हचे डोके सीटपासून, म्हणजे बंद होताना ते टेकते त्या कडेपासून, सुटलेले आणि दांडीवर तपकिरी-तांबूस खपली स्पष्ट दिसली.

इथे एक फरक सांगायला हवा. खूप दिवस उभ्या गाडीत इनलेट अडकतो तो बहुधा जुन्या पेट्रोलच्या चिकट राळेने. ती राळ थिनर-अॅसिटोनने विरघळते आणि काम त्याच दिवशी होते. एक्झॉस्टला कार्बन आणि गंज असतो, आणि तो विरघळत नाही. मला हे माहीत होते, तरी मी वेळेचा हिशेब इनलेटसारखाच केला.

समोर असलेले मार्ग

पहिला मार्ग भाच्याने आणि शेजारच्या रिक्षावाल्याने एकदमच सुचवला: उतारावर ढकलून चालू करायची, गरम झाली की आपोआप सुटेल. हा मी लगेच नाकारला. सैल पुशरॉड रॉकरच्या वाटीतून निसटून आडवी अडकली तर वाकते. शिवाय व्हॉल्व्ह खाली लटकत असताना पिस्टन जोरात वर आला तर त्याला लागायची भीती. भाच्याने दोन दिवस मारलेल्या किकांमुळे आधीच काही झाले असेल का, याचीच मला धास्ती होती. दोन्ही पुशरॉड काढून काचेवर लोळवून पाहिल्या. सरळ होत्या.

दुसरा मार्ग जागच्या जागी सोडवण्याचा: तेल मुरवायचे, वरून हलके ठोकायचे, प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये दोर भरून पिस्टन हळू वर आणायचा आणि त्या मऊ गादीने व्हॉल्व्ह वर ढकलायचा. हेड उतरवावे लागत नाही, वेळ कमी. धोका असा की या इंजिनात व्हॉल्व्ह तिरपे बसवलेले असतात. दोर डोक्याला सगळीकडून सारखा रेटत नाही, एका बाजूने जास्त रेटतो आणि दांडी वाकू शकते.

तिसरा मार्ग हेड उतरवण्याचा. व्हॉल्व्ह काढायचा, गाइड बघायचे, सीट घासायची. पण हेडचे स्टड तीन पावसाळ्यांचे गंजलेले. एक जरी तुटला तरी लेथवाल्याकडे जावे लागणार आणि चवथीच्या आठवड्यात म्हापशातले वर्कशॉप कोणाचे काम हाती घेतील याची खात्री नव्हती. नवे हेड गॅस्केटही माझ्याकडे नव्हते.

मी दुसरा मार्ग धरला. गुरुजींना तिन्ही मार्ग समजावून सांगितले का? नाही. "होईल शुक्रवारपर्यंत" एवढेच सांगितले. हेड काढायचे तर गाडी चवथीनंतर मिळेल, असे म्हटले असते तर त्यांनी शांतपणे मान डोलावली असती, हे मला आज पक्के माहीत आहे.

जागच्या जागी सोडवणे

तेल मी स्वतः मिसळतो: पॉवर स्टिअरिंगमध्ये पडते ते लाल तेल आणि अॅसिटोन, निम्मे निम्मे. अॅसिटोन पातळ करून तेलाला फटीत नेते आणि उडून जाते, तेल आत राहते. रंगावर आणि रबरावर पडू द्यायचे नाही, आणि जवळपास विडी-काडी नको. वरून स्प्रिंगच्या वेटोळ्यांमधून दांडीच्या मुळाशी सोडणे सोपे. खालून कठीण, कारण पोर्टमध्ये गाइडचे तोंड खाली असते आणि तेल टिकत नाही. लांब नळीने नेम धरून दर दोन तासांनी फवारत राहिलो. सोमवारची रात्र आणि मंगळवार असाच गेला. मधे दोनदा हेडला हॉट एअर गनने ऊब दिली. टाकी आधीच लांब नेऊन ठेवली होती.

मंगळवारी संध्याकाळी रॉकर काढला, पिस्टन तळाशी नेला आणि दांडीच्या टोकावर पितळी ठोकणी धरून लहान हातोडीने टकटक सुरू केली. उघड्या व्हॉल्व्हला आणखी खाली ठोकणे उलटे वाटते. पण गंजाची पकड तोडायला दोन्ही दिशांनी हालचाल लागते आणि वर नेण्याआधी एखादा मिलिमीटर खाली सरकला तर तेल नव्या जागी शिरते. वीस-पंचवीस टकटकींनंतर आवाज बदलला. आधी भरीव ठक होता, मग जरा पोकळ. एक मिलिमीटर सरकला होता. पुन्हा तेल, पुन्हा रात्रभर विश्रांती.

बुधवारी दोराचे काम. दोर सुती घ्यावा, सुंभ अजिबात नको. काथ्याचे तंतू आत राहतात. बोटाएवढा जाड दोर, बाहेरच्या टोकाला मोठी गाठ, प्लगच्या भोकातून मावेल तेवढा भरला. मग किक न मारता गाडी चौथ्या गिअरला घालून मागचे चाक हाताने फिरवले. त्याने पिस्टन केसाकेसाने वर आणता येतो आणि अडथळा हाताला लगेच कळतो. दोर दबला, चाक जड झाले, तिथे थांबलो. तेल. पाच मिनिटांनी आणखी किंचित. मग पिस्टन खाली, दोर मोकळा, वरून ठोकणे, पुन्हा दोर. असे सात-आठ वेळा केल्यावर संध्याकाळी चारच्या सुमारास स्प्रिंगने स्वतःच व्हॉल्व्ह वर ओढला आणि सीटवर बसल्याचा टप् असा आवाज आला. गॅरेजमधला पोरगा टाळ्या वाजवायला लागला. मीही खूश होतो.

इथला निर्णयाचा क्षण मी नीट सांगतो, कारण तो तेव्हा मला निर्णय वाटलाच नाही. व्हॉल्व्ह मोकळा झाला होता. ठोकणीखाली दहा वेळा खाली गेला, दहा वेळा वर आला. कम्प्रेशन आले. दोर काढला, सिलिंडरमधले तेल काढून टाकले, पातळ तेल खाली उतरले असणार म्हणून इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलले, टॅपेट लावले. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. सोडवलेला व्हॉल्व्ह आणि दुरुस्त झालेला व्हॉल्व्ह यातला फरक त्या आवाजात माझ्या डोक्यातून निघून गेला. गाइडमध्ये काय उरले आहे ते मी पाहिले नव्हते.

गुरुवारी, शिक्षकदिनी, गाडी घरी नेऊन दिली. चाचणी म्हणून गावात चार किलोमीटर फिरवली होती. चार किलोमीटरमध्ये इंजिन पुरते तापतच नाही.

कोलवाळच्या अलीकडे

शुक्रवारी सकाळी मामा-भाचे निघाले. म्हापसा जेमतेम १५ किलोमीटर. धारगळपर्यंत गाडी उत्तम होती. कोलवाळचा पूल येण्याआधी सायलेन्सरमध्ये फटफट सुरू झाली, ओढ गेली आणि गाडी बंद पडली. किक पुन्हा हलकी. रस्त्यावर माटोळीच्या गर्दीची वाहने आणि गुरुजी काठीवर भार देऊन उन्हात उभे. भाच्याचा फोन आला तेव्हा मी निघालो.

पोहोचेपर्यंत अर्धा तास गेला. किकवर पाय ठेवला तर कम्प्रेशन निम्मे परत आलेले. यातच सगळे उत्तर होते. थंड असताना मोकळा, तापला की जखडतो: दांडी आणि गाइड यांच्यामधली फट भरलेली आहे. ही फट मुळात मिलिमीटरच्या काही शतांशांची. एक्झॉस्टला ती इनलेटपेक्षा जरा जास्त ठेवतात, कारण दांडी जास्त तापून फुगते. माझ्या तेलाने गंज सुटला, पण बाहेर आला नाही. गंजाची पूड, कार्बन आणि तेल यांचा लगदा गाइडमध्ये राहिला, उष्णतेने तेल भाजून त्याची खळ झाली आणि फुगलेल्या दांडीला जागा उरली नाही. शिवाय व्हॉल्व्हची बहुतांश उष्णता सीटवर टेकल्यावरच हेडमध्ये जाते. तो उघडा अडकला की ती वाट बंद होते, तो आणखी तापतो, आणखी फुगतो.

गुरुजींना मी माझ्या गाडीवरून बाजारात नेले. कवंडाळ, नारळाची पेंड म्हणजे घड, सुपारीचे घोस, सगळे त्यांनी निवडून घेतले. वाटेत ते एवढेच म्हणाले, "चूक कुठे झाली ते सापडलं ना? मग झालं." मला मात्र शाळेत गणित चुकल्यासारखे वाटत होते.

दुसऱ्यांदा: हेड उतरवून

चवथीनंतरच्या सोमवारी हेड उतरवले. स्टडना तीन दिवस तेल मुरवले होते. एकही तुटला नाही. ज्या भीतीने मी हे टाळले होते, ती फळली नाही.

स्प्रिंग दाबून तिची टोपी दांडीला धरून ठेवणारे लॉक काढले. व्हॉल्व्ह खाली ओढण्याआधी दांडीचे टोक पाहिले. माझ्या टकटकीने ते किंचित पसरले होते आणि लॉकच्या खाचेला बारीक कड आली होती. अशी दांडी तशीच ओढली तर ती कड गाइडला आतून ओरखडत जाते. तेलदगडाने कड काढली, मगच व्हॉल्व्ह बाहेर आला. दांडीवर डोक्याच्या बाजूला कार्बनचा थर आणि त्याखाली गंजाचे तीन खड्डे, नखाला लागतील असे. लेथवर धरून फिरवला तर डोके अगदी थोडे डगमगत होते. ते माझ्या दोराने झाले की भाच्याच्या किकांनी, हे ठरवता येणार नाही. दोर वापरताना मला या धोक्याची कल्पना होती, म्हणून मी तो माझ्याच नावावर धरतो.

गाइड साफ करून वाचवता येईल का, हे पाहिले. पितळी ब्रशने आतला लगदा काढला, नवा व्हॉल्व्ह घालून पाहिला. पोर्टच्या बाजूने गाइडचे तोंड घंटेसारखे रुंद झाले होते, व्हॉल्व्ह आडवा हलत होता. म्हणून गाइडही नवे. हेड भट्टीत सारखे तापवून म्हापशाच्या वर्कशॉपने जुने काढले, नवे बसवले, रीमर फिरवला. गाइड बदलले की त्याचा मध्य जुन्या सीटशी जुळेलच असे नाही, त्यामुळे सीट पुन्हा ४५ अंशांत कापून घेतली. मग मी हाताने घासली, आधी जाड पेस्ट, मग बारीक, सीटवर सगळीकडे सारखी राखाडी पट्टी येईपर्यंत. एक्झॉस्टच्या स्प्रिंगा इनलेटशी ताडून पाहिल्या तर किंचित आखूड भरल्या, दीर्घकाळ दबून राहिलेल्या. त्या बदलल्या. शेवटी पोर्टमध्ये पेट्रोल ओतून दहा मिनिटे ठेवले. सीटखालून थेंब आला नाही.

या वेळी चाचणी ४० किलोमीटरची, अर्धी महामार्गावर. तापलेल्या इंजिनावर दोनदा थांबून कम्प्रेशन पाहिले. पहिल्या कामाची मजुरी मी घेतली नाही.

काय वेगळे करता आले असते

जागच्या जागी सोडवणे ही पद्धत मी टाकून दिलेली नाही. इनलेट राळेने अडकला असेल, किंवा गाडी महिना-दोन महिनेच उभी असेल, तर आजही मी हेड काढणार नाही. पण पोर्टमधून बघताना दांडीवर गंजाची खपली दिसली तिथेच पुढचे ठरले होते. तेलाने फार तर हेड उतरवायला सोपे जाईल असा व्हॉल्व्ह मिळतो. मला बॅटरीच्या उजेडात हे दिसले होते, पण शुक्रवारच्या हिशेबात मी त्याला जागा दिली नाही.

जागच्या जागीच काम करायचे होते, तर निदान एक पाऊल पुढे जाता आले असते. सिलिंडर दोराने भरलेला होताच. त्याच आधारावर स्प्रिंग आणि लॉक काढून, दांडीचे टोक हाताने धरून व्हॉल्व्ह वर-खाली आणि गोल फिरवत राहिलो असतो, तर गाइडमधली खरखर बोटांना कळली असती. स्प्रिंगच्या जोरावर तो मोकळा वाटतो. स्प्रिंग काढल्यावर खरे कळते. आता मी हे नेहमी करतो. दांडी बोटांत खरखरली की हेड उतरवतो.

चाचणीही अपुरी होती. अडकण्याचा दोष तापल्यावरच दिसतो, तर इंजिन पुरते तापेपर्यंत गाडी गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची नव्हती. मागे गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेला माणूस बसणार होता, हे मला माहीत होते.

भाच्यालाही मी एक गोष्ट सांगितली, रागाने नाही: वर्षानुवर्षे उभ्या गाडीला पहिली किक मारण्याआधी प्लग काढून, उंच गिअरमध्ये मागचे चाक हाताने फिरवायचे आणि टॅपेटचे झाकण उघडून दोन्ही पुशरॉड बघायच्या. पंधरा मिनिटांचे काम आहे.

आजची स्थिती

नव्या सीटवर व्हॉल्व्ह बसत जातो तशी पुशरॉड घट्ट होते. ५०० किलोमीटरनंतर पाहिले तर ती बोटांनी फिरेनाशी झाली होती. टॅपेट पुन्हा लावले. त्यानंतर बदल नाही.

गाडी अजून त्याच पडवीत असते. पावसाळ्यात ठेवताना गुरुजी स्वतः बघतात: किक हळू दाबत कम्प्रेशनचा जोर लागतो तिथे आणायची, डिकॉम्प्रेसर ओढून पिस्टन अगदी माथ्यावर न्यायचा म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात, गाडी न्यूट्रलला ठेवायची आणि सायलेन्सरच्या तोंडात तेलाचे फडके कोंबायचे. फडके आत विसरू नये म्हणून त्याला लाल फीत बांधून ती हँडलपर्यंत आणलेली आहे. आणि भिंतीवर, ताडपत्रीच्या वर, खडूने सुवाच्य अक्षरात लिहिले आहे: गाडी ढकलण्यापूर्वी न्यूट्रल पाहणे.